सुशीची पंगत

अख्तरबी पीरमहंमद भटारी या बाईंना सुशी खायला घालू शकेल असा माणूस अख्ख्या विट्यात एकच आहे आणि तो म्हणजे मी, असं मी एप्रिल महिन्यात स्टँडसमोर चार माणसांत छातीवर हात ठेवून सांगितलं. चौघांपैकी दोघे हसले. तिसरा फोनवर बोलत होता. चौथा होता वीरधवल. पुढचा सगळा घोटाळा त्या वीरधवलमुळे झाला असं मी बरेच दिवस सांगत होतो. आता सांगत नाही, कारण घोटाळा माझाच होता.

अख्तरबी म्हणजे माझी अम्मी. मी अमीर, तिचा एकुलता एक मुलगा आणि विट्यातला नामवंत सुशीवाला. नामवंत हा शब्द माझाच आहे, पण चुकीचा नाही.

विट्यात सुशी कोण खातं, असं तुम्ही विचारणार. सगळेच विचारतात. तर आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करून देणं. कोइमतूर म्हणा, लुधियाना म्हणा, गुवाहाटी म्हणा, जिथं सराफांच्या पेढ्या असतील तिथं कोपऱ्यात विट्याचा माणूस भट्टी पेटवून बसलेला असतो. मे महिन्यात ही सगळी कुटुंबं गावी येतात. पोरं शहरात वाढलेली. पहिले दोन दिवस ती भाकरी आणि ठेचा कौतुकाने खातात, तिसऱ्या दिवशी सुशी मागतात. मी आठ वर्षं बंगळूरच्या एका मोठ्या हॉटेलात जपानी स्वयंपाकघरात काढली होती. अब्बा गेले तेव्हा, चार वर्षांपूर्वी, परत आलो आणि ‘अमीर सुशी’ सुरू केलं. मे महिन्यात आणि दिवाळीत तिथं सुशी मिळते. बाकीचे दहा महिने वडापाव.

अब्बा भटारी होते. लग्नाच्या जेवणाच्या देगी, म्हणजे मोठाले हंडे, चढवायचे. पीरमहंमदचाचांचा भात म्हटलं की विट्यापासून कोरेगावपर्यंतची माणसं लग्नाची तारीख बदलायची. भाताचं आधण ठेवलं की अब्बा खिशातून कापडाची एक पुरचुंडी काढून पाण्यात सोडायचे आणि तांदूळ घालायच्या आधी बाहेर काढून परत खिशात घालायचे. तिच्यात काय असायचं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, अम्मीलाही नाही. मलाही नाही, कारण मी विचारलंच नाही. मला देगीचा धूर नको होता. मला पांढरी उंच टोपी हवी होती. अठराव्या वर्षी मी कोल्हापूरला शिकायला पळालो आणि तिथून पुढे बंगळूरला. अब्बांच्या देगीजवळ मी एक दिवससुद्धा उभा राहिलो नाही.

त्यांच्यामागे त्यांची सगळ्यात मोठी देग आमच्या अंगणात उपडी पडून होती. अम्मी रोज तिच्याभोवती झाडायची, पण तिला हात लावू द्यायची नाही.

आणि माझं केलेलं खायची नाही. चार वर्षांत एक घास नाही. भांडण नाही, अबोला नाही, नुसतं खायची नाही. मी प्लेट पुढे केली की म्हणायची, “चूल थंड, भात थंड. ह्याला काय खाणं म्हंत्यात व्हय रं?” आणि उठून स्वतःची भाकरी थापायची. लोक माझ्या सुशीला नावं ठेवायचे त्याचं मला काही वाटत नव्हतं. एका मेंढपाळाने तर त्या काळ्या शेवाळाच्या पापुद्र्याला कार्बन पेपर म्हणून तो सोलून बाजूला ठेवला होता. तेही मी हसून घेतलं. पण अम्मी प्लेटकडे बघून उठायची तेव्हा मला फार वाईट वाटायचं. हे मी स्टँडसमोर सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

तर वीरधवल. याचं दुकान कोइमतूरला, वय चाळीस, आणि गावी आला की काहीतरी सामाजिक केल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. यंदा त्याने काढलं की पूर्वेकडच्या कोरड्या भागातल्या मेंढरांसाठी फिरता दवाखाना सुरू करायचा. एक गाडी, एक डॉक्टर, औषधं. त्यासाठी कार्यक्रम हवा. ऑर्केस्ट्रा झाला होता, कुस्त्या झाल्या होत्या. मग त्याच्या डोक्यात आलं की आपल्या भागात सुशी करणारे तीन जण आहेत, त्यांची स्पर्धा लावू. लोकांनी कुपन घ्यायचं, तिघांची सुशी चाखायची, आवडेल त्याला मत द्यायचं. मेंढरांच्या पोटदुखीसाठी माणसांना सुशी खायला घालायची ही कल्पना जपानातसुद्धा कुणाला सुचली नसेल.

तिघांतला पहिला मी. दुसरी राणी, कडेगावची. पुण्यात शिकून आलेली, बोलणं कमी आणि काम नीट. तिसरा धनाजी. हा पूर्वेकडचाच, मेंढरांमागे वाढलेला. आठ वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता, तिथं एका जपानी माणसाकडून सुशी शिकला. आता वर्षभर लग्नाची जेवणं करतो आणि मे महिन्यात माझं गिऱ्हाईक पळवतो. जहाजावर जाण्याआधी दोन लग्नसराया तो आमच्या अब्बांच्या हाताखाली होता. हाताखाली म्हणजे पाणी भरायला. पाणी भरण्यापलीकडे त्याला काही येत नाही, असं मी जाहीरपणे सांगत असे.

वीरधवलने नियम केले ते अगदी गलाईवाल्याच्या डोक्याने. तीन गिऱ्हाइकांचं सोनं तपासायचं तर नमुने एका वजनाचे पाहिजेत, म्हणून तिघांनी एकच प्रकार करायचा, काकडी आणि गाजर घातलेली गुंडाळी, तुकडा तेवढाच, गोल तसाच. मासा नको. तांदूळ एकाच पोत्यातला इंद्रायणी. भातात काय मिसळायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. प्रत्येकाने आपला भात पडद्याआड करायचा, कुणी कुणाचं बघायचं नाही. तयार सुशी तीन ताटांत ठेवायची, ताटाखाली एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या. कुठला नंबर कुणाचा ते फक्त वीरधवलच्या खिशात. लोकांनी टेबलाटेबलाने उभं राहून चाखायचं आणि मक्याचा एकेक दाणा आवडीच्या नंबरच्या घागरीत टाकायचा.

नियम उत्तम होते. त्यांत मी एक सुधारणा सुचवली.

म्हणालो, उभ्याने नको. म्हातारी माणसं उभ्याने खात नाहीत. पंगत बसवूया. पत्रावळ्या मांडू, आधी एक नंबर सगळ्यांना, मग दोन, मग तीन. लोक सावकाश खातील, विचार करून मत देतील.

वीरधवलला हे एकदम पटलं. माझं खरं कारण वेगळं होतं. टेबलाजवळून अम्मी नुसती बघून पुढे गेली असती. पण पंगतीत बसलेलं माणूस पानात वाढलेलं टाकून उठत नाही. निदान अम्मी तरी नाही. शेजारचं पान उष्टं पडलं तर ती त्या माणसाची सात पिढ्यांची चौकशी करते. तिला एकदा पंगतीत बसवली की सुशी तिच्या पोटात गेलीच. आहे की नाही डोकं? मला रात्रभर स्वतःचं कौतुक वाटत होतं.

अम्मी यायला तयार झाली ती मेंढरांसाठी. अब्बांच्या हयातीत आमच्याकडे बकरं यायचं ते पूर्वेकडूनच, त्यामुळे त्या भागाबद्दल तिला आपुलकी. “जनावरांच्या दवापान्यासाठी म्हंतायसा म्हून येती,” म्हणाली. “खायाला न्हाई.” मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बस तर खरी.

पंगत म्हटली की वाढपी आला. आणि आमच्याकडे वाढपी म्हटलं की आकारामतात्या. वय सत्तरच्या घरात, कमरेला उपरणं बांधलेलं, पाठीचा कणा ताठ. तात्यांनी वाढलं नाही ते लग्न आमच्याकडे कायदेशीर धरत नाहीत. चारशे पानांवर कुणाला जिलेबी पोचली नाही ते तात्या दारातून नुसतं बघून सांगतात. त्यांना कार्यक्रम समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं की तात्या, तीन ताटं आहेत, त्यांतलं सगळ्यांना एकेक वाढायचं. ते म्हणाले, समजलं. मी म्हणालो, क्रमाने. ते म्हणाले, “बाळा, तुज्या बाच्या लग्नात म्या वाढलंय.” यापुढे माणूस काय बोलणार? नंबर का महत्त्वाचे, हे सांगायचं राहून गेलं.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला, बायपासच्या मंगल कार्यालयात. मी पहाटेच भात लावला. माझा भात म्हणजे घड्याळाचं काम. तांदूळ तीनदा धुवायचा, वीस मिनिटं भिजवायचा, बारा मिनिटं शिजवायचा. व्हिनेगर, साखर, मीठ चमच्याने मोजून. पडद्यापलीकडे राणीच्या पातेल्याचं झाकण वाजत होतं. दुसऱ्या बाजूला धनाजी मेंढरांना घालतात तशी शीळ घालत होता. सगळ्या स्वयंपाकघरात व्हिनेगरचा असा वास भरला होता की दुसरं काही नाकाला कळायची सोयच नव्हती. दहापर्यंत तिघांचे मिळून सहाशे तुकडे तयार झाले, प्रत्येकाचे दोनशे, कारण कुपनं दोनशे होती. तीन ताटं तीन चिठ्ठ्यांवर बसली. तुकडे इतके सारखे की माझ्या ताटातला कुठला आणि राणीच्या ताटातला कुठला हे मलासुद्धा सांगता आलं नसतं. वीरधवल खूश होता.

अकराला माणसं आली. दोनशेऐवजी अडीचशे. आमच्याकडे एका कुपनावर एक माणूस असतं आणि त्याच्या कडेवर एक असतं, आणि कडेवरचं कधीकधी दहावीत असतं. वीरधवलच्या तोंडचं पाणी पळालं, पण आलेल्याला परत कोण पाठवणार? पत्रावळ्या वाढवल्या. अम्मी दुसऱ्या रांगेत पहिल्या पानावर बसली, डोक्यावरचा पदर नीट करून, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी.

सुरुवात जरा वाकडीच झाली. वासाबी नावाची जी हिरवी जहाल गोष्ट असते ती तात्यांनी पानात डाव्या बाजूला, चटणीच्या जागी वाढली. ते ठीक. पण सोया सॉसची बरणी त्यांनी बादलीत ओतली आणि पळीने आमटीसारखा वाढायला सुरुवात केली. मी पळत जाऊन तिसऱ्या पानावर त्यांना थांबवलं. तोवर पूर्वेकडचे धुळाबापू नावाचे पाहुणे तो वाटीभर प्यायले होते. तिखट नाही पण मीठ पडलंय, एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी वासाबीचा गोळा सगळाच्या सगळा तोंडात टाकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाच मिनिटं ते उपरण्याने नाक पुसत होते. नंतर शांतपणे शेजाऱ्याला म्हणाले, “वर्सभर सर्दी व्हती. गेली.”

मी कपाळाचा घाम पुसला आणि म्हटलं, आता ताटं बघावीत. आत गेलो तर टेबलावर तीन ताटं होती, तिन्ही रिकामी. चिठ्ठ्या जमिनीवर. आणि तात्या बाहेरच्या दारातून हातात भलीमोठी पितळी परात घेऊन पंगतीकडे निघालेले. परातीत सहाशे तुकड्यांचा ढीग होता.

“तात्या,” मी म्हणालो, “एक नंबरचं ताट कुठाय?”

“हितंच हाय,” परातीकडे मान करून ते म्हणाले.

“आणि दोन नंबरचं?”

“त्ये बी हितंच.”

“तीन?”

“सगळी हितंच हायती की. का रं?”

मी विचारलं, तात्या, हे तुम्ही एकत्र का केलंत? तात्यांनी परात माझ्या हातात न देता, पण थांबून, मला नीट समजावून सांगितलं. पानं अडीचशे. एका ताटात नग दोनशे. म्हणजे पहिल्या ताटातलं पन्नास पानांना पोचणार नाही, दुसऱ्यातलंही नाही, तिसऱ्यातलंही नाही. कुणाच्या पानात तीन, कुणाच्या दोन, आणि कडेच्या माणसाला मिळेल ते. पंगतीत एकाला एक आणि शेजारच्याला दुसरं वाढणं म्हणजे पंक्तिप्रपंच, आणि तात्यांच्या हिशेबी तो चोरीपेक्षा आणि खोट्या साक्षीपेक्षा वरचा गुन्हा.

“पन्नास वर्सं वाढतोय,” ते म्हणाले. “पंक्तिपरपंच माज्या हातनं झाला न्हाई आन हुनार न्हाई. सगळं एक केलं. पानाला दोन-दोन बसत्यात. आन शंभर ऱ्हात्यात, ते आग्रहाला.”

गणित बिनचूक होतं. आणि पंगत बसवा असं सांगणारा मीच होतो. तात्या परात घेऊन पुढे गेले. माझ्यामागे राणी येऊन उभी होती. तिने तिन्ही रिकामी ताटं पाहिली, जमिनीवरच्या चिठ्ठ्या उचलून एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, “दादा, चहा घेणार का?”

मी चहा घेतला नाही. स्पर्धेचं जे व्हायचं ते होवो, माझी स्पर्धा दुसऱ्या रांगेत पहिल्या पानावर होती. मी खांबाआड जाऊन उभा राहिलो.

तात्यांनी अम्मीच्या पानात दोन तुकडे ठेवले. तिने त्यांच्याकडे बघितलं. मग उजवीकडच्या आणि डावीकडच्या पानांकडे बघितलं. सगळे खायला लागले होते. तिने एक मोठा श्वास घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला तुकडा उचलून अर्धा तोडला. मी खांब घट्ट धरला.

ती चावत होती. मग थांबली. उरलेला अर्धा तुकडा तिने नाकाशी नेला, परत खाली आणला आणि हातात तसाच धरून बसली. मला वाटलं, संपलं, आता उठणार. मी खांबाआडून बाहेर आलो आणि तिच्यापुढे उकिडवा बसलो. तिचे डोळे भरले होते. वासाबीला तर तिने हातही लावला नव्हता.

“अमीर,” ती हळूच म्हणाली, “ह्यो भात तुज्या अब्बांचा हाय.”

मी माझ्या भातात तसलं काही घातलं नव्हतं. मला माहीत होतं, तो तुकडा माझा नव्हता. माझा असता तर घड्याळाची चव लागली असती. हे त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण चार वर्षांनी अम्मी माझ्याकडे अशी बघत होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “व्हय अम्मी. मीच केलाय.”

“तू?”

“व्हय. मी.”

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. “बरं,” म्हणाली आणि उरलेला अर्धा तुकडा खाल्ला. मग दुसरा उचलला. तोही तिने खाल्ला, पण मध्ये दोनदा पाणी पिऊन. तो दुसरा बहुधा माझा असावा.

इकडे मतदानाचा चुथडा झाला होता. हात धुवायच्या नळाजवळ तीन घागरी मांडल्या होत्या. लोक मक्याचा दाणा हातात घेऊन यायचे आणि विचारायचे, आम्ही खाल्लं ते कितवं? ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी सगळ्यांनी नळाला जवळ पडणाऱ्या घागरीत दाणे टाकले. ती एक नंबरची होती. एक नंबर कुणाचा ते बघायला वीरधवलने खिशातून चिठ्ठी काढली, वाचली आणि परत घडी घालून खिशात ठेवली. मग माइक घेतला. म्हणाला, आम्ही धंद्यात तिघांचं सोनं एका मुशीत वितळवत नाही, कारण एकदा वितळलं की कुठलं कुणाचं ते देवालाही सांगता येत नाही. आज ते झालंय. तेव्हा तिन्ही स्वयंपाकी बरोबरीत, गाडीची वर्गणी पुरती जमलेली आहे, आणि शाल-श्रीफळ आणि ढाल आम्ही जो खरोखर जिंकला त्याला देतो.

ढाल आकारामतात्यांना मिळाली. अडीचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकही पान उपाशी राहिलं नव्हतं आणि एकालाही दुसऱ्यापेक्षा जास्त मिळालं नव्हतं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. विट्यात आजही भिंतीवर सुशीची ढाल असलेला एकच माणूस आहे, आणि त्याने आयुष्यात सुशी खाल्लेली नाही.

टाळ्या चालू असताना मी स्वयंपाकघरात होतो. पडदे बाजूला सारून आधी राणीच्या पातेल्यात डोकं घातलं. व्हिनेगर. मग धनाजीच्या पातेल्यात. तळाला भाताचा पापुद्रा चिकटला होता, त्याला बडीशेपेचा वास होता. बडीशेप आणि आणखी काहीतरी, बहुतेक दोन जिन्नस, ओळखीचे पण नाव न सांगता येणारे. लहानपणी अब्बा लग्नाचं जेवण उरकून घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला हा वास असायचा. मी ते पातेलं धरून तसाच वाकून उभा राहिलो.

“पातेल्यात पडशील गड्या,” मागून आवाज आला. धनाजी दारात उभा होता.

मी विचारलं, तुझ्याकडे पुरचुंडी आहे का? त्याने खिशातून काढून दाखवली. पिवळी पडलेली, दोऱ्याने बांधलेली, तशीच. मी हात पुढे केला तशी त्याने परत खिशात घातली.

“चाचांनी दिली,” तो म्हणाला. “दुसऱ्या सराईच्या शेवटच्या दिशी. म्हनले, पोरगं हितं न्हाई, कुनाला तरी ठावं आसावं.”

ते ऐकून मला राग यावा की रडू यावं ते कळेना. पाणी भरण्यापलीकडे ज्याला काही येत नाही असं मी सांगत फिरलो, त्याच्या खिशात माझ्या बापाचा भात होता, आणि अकरा वर्षांत त्याने एकदाही ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून त्याला अम्मीचं सांगितलं, मी खोटं बोललो तेही सांगितलं. शुक्रवारसाठी एक डबा देशील का, एवढं विचारलं. त्याने मान डोलावली.

पुढचे चार शुक्रवार माझे मोठ्या थाटाचे गेले. सकाळी धनाजीकडून डबा आणायचा, मागच्या दाराने घरात शिरायचं, आमच्या पातेल्यात भात ओतायचा, जरा वाफ येऊ द्यायची आणि घाम पुसत अम्मीला हाक मारायची. अम्मी जेवायची. सुशी मागत नव्हती, नुसता भात. “आज चांगला झालाय,” म्हणायची. मी म्हणायचो, आज जरा पाणी कमी घातलं. मधल्या वारी मी दोनदा गुपचूप स्वतः करूनही बघितलं. दोन्ही वेळा बडीशेपेचा काढा झाला.

पाचव्या शुक्रवारी जेवण झाल्यावर अम्मी आत गेली आणि धनाजीचा डबा घेऊन आली. तो मी चुलीमागे लपवून ठेवला होता. तिने तो घासूनपुसून लख्ख केला होता आणि मी उघडून बघितला तर आत शेंगदाण्याचे लाडू.

“धनाजीला दे,” ती म्हणाली. “चार बार रिकामा ग्येला डबा. कुनाचा डबा रिकामा पाठिवत्यात व्हय?”

मी डबा हातात धरून उभा. शेवटी विचारलं, कधी कळलं?

“त्याच दिशी, पंगतीत. तुज्या अब्बांच्या देगीजवळ कोन उबं ऱ्हायाचं ते मला ठावं न्हाई व्हय? तू तर न्हवतास.”

मग तिथंच का नाही बोललीस, असं मी विचारलं. ती पदराने डब्याचं झाकण पुसत राहिली.

“तू व्हय म्हनलास तवा तुजं त्वांड बगितलं,” ती म्हणाली. “लहानपनी नापास झाला हुतास, तवा आसंच व्हतं. म्हटलं, पंगतीत नगं.” मग म्हणाली, “खोटं बोललायस न्हवं? आता खरं करून दाव.”

त्याच दुपारी तिने शेजारच्या दोघांना बोलावून अंगणातली देग सुलटी करून घेतली आणि कल्हईला पाठवली. मी लाडवांचा डबा घेऊन धनाजीकडे गेलो. लाडू दिले, झालं ते सांगितलं आणि म्हणालो, भावा, मला शिकव. पुरचुंडीत काय आहे ते सांग. तू सांगशील ती दक्षिणा देतो.

धनाजीने एक लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाला, “चाचांनी मला दोन सराया पानी भराय लावलं, मंग पुरचुंडी दाखिवली. तुला आजच दाखिवली तर पंक्तिपरपंच हुईल की रं.”

तात्यांकडे जाऊन विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

तुळशीच्या लग्नानंतर पहिली सराई सुरू झाली. रोज पहाटे मी धनाजीकडे जातो. अब्बांची देग आता त्याच्याकडे चढते, आणि तिला किती पाणी लागतं ते मी आता न मोजता सांगू शकतो. अम्मी अधूनमधून येऊन लांबून बघून जाते. कुणी विचारलंच तर मी तिथं सल्लागार म्हणून जातो असं सांगतो. हातात दोन बादल्या असतात खऱ्या, पण त्याबद्दल अजून तरी कुणी विचारलेलं नाही.